रविवारी सायकल, सोमवारी स्टेअरिंग: सायकल चालवणाऱ्यांनी गाडी कशी चालवावी

दोन वर्षांपूर्वीचा एक सोमवार. आदल्या दिवशी पहाटे मी कोथरूडहून सायकलने सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले होते. खडकवासल्याजवळ एका गाडीने इतक्या जवळून कट मारला की तिचा आरसा माझ्या कोपराला लागता लागता राहिला. घरी येऊन तासभर मी त्या चालकाला बोल लावत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसला उशीर झाला होता. पौड रोडवर मी डावीकडच्या गल्लीत गाडी वळवली आणि बॉनेटच्या डाव्या कोपऱ्याशी ब्रेक करकचल्याचा आवाज आला. साठीच्या घरातले एक गृहस्थ, काळी दांडीची सायकल, हँडलला डब्याची पिशवी. एक पाय जमिनीवर टेकवून उभे होते. बोलले काही नाहीत. माझ्याकडे बघितलं, सायकल जराशी मागे घेतली आणि मला जाऊ दिलं.

या गृहस्थांना मी जेमतेम दहा सेकंदांपूर्वी ओलांडलं होतं. म्हणजे मला ते दिसले होते. ओलांडले आणि विसरले.

मी सायकल चालवते म्हणजे सायकलवाल्यांची मला आपोआप जाणीव असणार, असं मी तोवर धरून चालले होते. सायकलच्या सीटवर बसलेलं असताना अंगाला जे कळतं, ते काच वर करून एसी लावला की बाहेरच राहतं. ते गाडीत आणायला सवयी लावाव्या लागतात, एकेक करून. त्या कशा लावायच्या, ते इथे लिहिते आहे. यातलं बहुतेक सगळं पुण्याच्या रस्त्यांवर शिकलेलं आहे, पण नाशिक, कोल्हापूर, नागपूरलाही रस्ते फार वेगळे नाहीत.

पायरी १: भीतीची वही

पुढचे चार रविवार सायकलवरून परत आलात की पाणी पिण्याआधी मोबाइलवर तीन ओळी लिहा: आज कुठे दचकलो, गाडीने नेमकं काय केलं, ती गाडी किती अंतरावर होती. "लोक बेशिस्त आहेत" असं मोघम लिहू नका. "राजाराम पूल, मागून लांबलचक हॉर्न, मी दचकून उजवीकडे सरकले" असं लिहा.

महिन्याभराने प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहा: गाडीत असताना हे मी शेवटचं कधी केलं? माझ्या वहीत सहा प्रकार निघाले: खेटून ओलांडणं, ओलांडून लगेच डावीकडे वळणं, पाठीशी हॉर्न, न बघता उघडलेलं दार, समोरून आलेला अप्पर (हेडलाइटचा लांबवरचा झोत) आणि डबक्यातलं पाणी अंगावर उडवणं. सहापैकी पाच मी स्वतः केलेले होते. ही यादी प्रामाणिकपणे झाली नाही, तर पुढचं वाचून फारसा उपयोग व्हायचा नाही.

पायरी २: निघण्याआधी डाव्या आरशाकडे बघा

आपण उजव्या बाजूला बसतो आणि सायकल बहुतेक वेळा डावीकडे असते. म्हणजे ज्या बाजूचं आपल्याला सगळ्यात कमी दिसतं, त्याच बाजूला ती असते. तरीही अनेकांचा डावा आरसा मिटलेला असतो, किंवा त्यात निम्मं आपलंच मागचं दार दिसत असतं. तो इतका बाहेर करा की आपल्या गाडीची जेमतेम एक पट्टी दिसेल आणि क्षितिज आरशाच्या साधारण मध्यावर येईल. तरीही थोडी जागा दिसत नाहीच. ती कळायला घराच्या आवारात एक प्रयोग करा. घरातल्या कुणाला तरी सायकल घेऊन मागच्या डाव्या दारापासून हळूहळू मागे जायला सांगा आणि आरशांतून ती कुठे दिसेनाशी होते ते बघा. माझ्या गाडीत सबंध सायकल, माणसासकट, गायब झाली. ते एकदा डोळ्यांनी बघितलं की वळताना मान आपोआप फिरते.

डॅशबोर्डवर मूर्ती असेल तर ती बुटकी असावी. आरशाला लटकणाऱ्या माळा आणि काचेच्या मधोमध चिकटवलेला मोबाइल मात्र काढाच.

पायरी ३: हेल्मेट नसलेली सायकलही बघा

हे मला सगळ्यात उशिरा कळलं. सायकल चालवणारे चालक एकमेकांना पटकन ओळखतात. भडक जर्सी, हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा दिसला की आपला पाय ॲक्सिलरेटरवरून आपोआप उचलला जातो, कारण तो "आपल्यातला" असतो. पण आपल्या रस्त्यांवरचे अनेक सायकलस्वार असे दिसत नाहीत. रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, पहाटेचा पेपरवाला, साइटवर निघालेला गवंडी, चाकण-भोसरीकडे शिफ्टला जाणारे कामगार, गावाकडे दप्तर कॅरिअरला लावून शाळेला निघालेल्या मुली. यांच्याकडे ना दिवा, ना हेल्मेट. ते व्यायामाला निघालेले नाहीत. सायकल मोडली तर दुसऱ्या दिवसाचं काम बुडतं.

यासाठी एक सराव आहे. आठवडाभर रोजच्या वाटेवर दिसणाऱ्या सायकली मनात मोजा, पण हेल्मेटवाल्या सोडून. पहिल्या दिवशी मी नऊ मोजल्या, शुक्रवारी एकतीस. सायकली काही चार दिवसांत वाढल्या नव्हत्या.

पायरी ४: सायकलच्या पुढचा रस्ता वाचा

सायकलवाला "अचानक मध्ये आला" असं आपण म्हणतो. सायकलवर बसलेल्याला विचारा, त्यात अचानक असं फार थोडं असतं. त्याच्यापुढे वीस मीटरवर काय आहे ते बघितलंत, तर तो काय करणार हे त्याच्या आधी तुम्हाला कळेल.

खचलेलं चेंबर किंवा खड्डा असेल, तर तो उजवीकडे येणार. कडेला वाळू सांडलेली असेल, तरी उजवीकडेच येणार, कारण वाळूवर पुढचं चाक घसरतं. डावीकडे उभ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर डोकं दिसत असेल, तर दाराच्या धास्तीने तो लांबून जाणार. पुढे थांब्यावर पीएमपीची बस उभी असेल, तर तिला वळसा घालणार. स्पीडब्रेकर असेल तर याच्या उलट: त्याच्या टोकाला, गटाराजवळ, सपाट फट सापडते का ते बघत तो डावीकडे जाईल आणि लगेच परत आत येईल.

माणसाकडेही बघा. मान उजवीकडे वळली म्हणजे तो आत यायच्या विचारात आहे. सीटवरून उठून पायडल मारतो आहे म्हणजे दम लागलाय, सायकल दोन्हीकडे झुलणार. कॅरिअरवर कुणी डबलसीट असेल किंवा गॅसची टाकी बांधलेली असेल, तर तोल सांभाळायला त्याला नेहमीपेक्षा जास्त रुंदी लागेल.

कडेला चिकटून न चालवणारा सायकलस्वार आडमुठेपणा करतोय, असं सायकल न चालवणाऱ्याला वाटतं. तुम्हाला माहीत आहे तो तिथे का आहे. हे माहीत असणं, हाच तुमचा खरा फायदा आहे. तो वाया घालवू नका.

पायरी ५: ओलांडणं

इथे जरा आकडेमोड करू, कारण ती केल्यावर माझी सवय कायमची बदलली.

सायकलस्वार कडेपासून साधारण ९० सेंटिमीटरवर चालतो. हँडल सुमारे ६० सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्याचं उजवं टोक कडेपासून १.२ मीटरवर आलं. त्यापुढे दीड मीटर मोकळी जागा सोडायची. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमावलीत, २०२२ पासून, ताशी ३० मैलांपर्यंतच्या (सुमारे ४८ किलोमीटर) वेगाला निदान एवढं अंतर सांगितलं आहे. जर्मनीत २०२० पासून शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर असा नियमच आहे. दीड मीटर धरलं, तर तुमच्या गाडीची डावी बाजू कडेपासून २.७ मीटरवर येते. गाडी आरशांसकट दोन मीटर धरा. उजवी बाजू आली ४.७ मीटरवर. आणि एक लेन असते तीन ते साडेतीन मीटरची.

म्हणजे आपल्याच लेनमध्ये राहून सायकल नीट ओलांडता येतच नाही. निम्म्याहून जास्त गाडी पलीकडच्या लेनमध्ये न्यावीच लागते. समोरून गाडी येत असेल, तर ती जागाच नाही; मागे थांबायचं. ओलांडायची एवढी एकच पद्धत आहे, आणि "निघेल बहुतेक" ही ती पद्धत नव्हे.

क्रम असा ठेवा. सायकल दिसली की आधी वेग कमी करा. समोरचा रस्ता आणि उजवा आरसा बघा, इंडिकेटर द्या आणि लांबूनच उजवीकडे सरका. अगदी जवळ जाऊन गचकन बाहेर काढू नका, कारण तुमच्या मागच्याला सायकल दिसतच नाही आणि तो सरळ तिच्यावर जातो. ओलांडताना वेगातला फरक कमी ठेवा. ताशी ६० ने दीड मीटरवरून गेलात, तरी हवेच्या झोताने सायकल हलते. तुमच्याकडे उंच एसयूव्ही असेल तर जास्तच. ओलांडल्यावर आतल्या आरशात सायकल पूर्ण दिसेपर्यंत डावीकडे येऊ नका.

मागे थांबायचं म्हणजे किती वेळ जातो, याचाही हिशेब करा. ताशी १५ ने चाललेल्या सायकलीमागे २०० मीटर गेलात, तर ४८ सेकंद लागतात. ४० ने गेला असतात तर १८. तोटा अर्ध्या मिनिटाचा, आणि तेवढा पुढच्या सिग्नलवर तसाही जातो.

आता हॉर्न. सायकलच्या पाठीशी येऊन वाजवलेला हॉर्न ऐकून माणूस दचकतो, वळून बघतो, आणि बघतो त्या दिशेला त्याचं हँडलही थोडं वळतं, म्हणजे नेमकं तुमच्या गाडीकडे. त्याला कळवायचंच असेल, तर चाळीस-पन्नास मीटर आधी एकदा, अगदी थोडका वाजवा. सायकलशेजारी आल्यावर हात हॉर्नपासून लांब ठेवा.

पायरी ६: डावं वळण

पौड रोडवर माझ्या हातून झालं ते हेच. आपल्याकडे डावं वळण सोपं मानतात, समोरून कुणी येत नाही म्हणून. सायकलवाल्याला मात्र याच वळणाची धास्ती असते.

ताशी १८ ने जाणारी सायकल सेकंदाला पाच मीटर कापते. तुम्ही ४० ने तिला ओलांडलीत, मग वळायला वेग १० वर आणलात. आता तुम्ही सेकंदाला तीन मीटरही जात नाही. म्हणजे त्या क्षणी सायकल तुमच्यापेक्षा वेगात आहे आणि तुम्ही तिच्यासमोर भिंत घातली आहे. आपल्या डोक्यात मात्र ओलांडलेली सायकल "मागे पडलेली" असते.

म्हणून: डावं वळण पन्नास मीटरच्या आत असेल, तर सायकल ओलांडायचीच नाही. तिच्या मागे राहा, तिला गल्लीचं तोंड पार करू द्या, मग वळा. सिग्नलला उभे असाल आणि डावीकडे जायचं असेल, तर दिवा हिरवा झाल्यावर डावा आरसा आणि मग डावा खांदा, या क्रमाने बघून निघा. तुम्ही उभे असताना डाव्या फटीतून दोन सायकली पुढे आलेल्या असतात. इंडिकेटर थांबल्या थांबल्या द्या; वळता वळता दिलेला सायकलवाल्याच्या काही कामाचा नाही.

वडापावच्या गाडीशी किंवा एटीएमशी गाडी डावीकडे घेणं हेही डावं वळणच. रिक्षा आणि बसवाले असं करतात म्हणून सायकलवर असताना आपण चिडतो. गाडीत असताना आपणही तेच करत असतो.

पायरी ७: चौकात खांबामागे बघा

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, त्यातला उजवा तुमच्या डोळ्यांच्या जास्त जवळ आहे, म्हणून जास्त जागा झाकतो. काही मीटरवर त्याच्यामागे अख्खी सायकल मावते. त्याहून वाईट म्हणजे, तुम्ही आणि ती दोघेही एकाच चौकाकडे ठरावीक वेगाने येत असाल, तर ती शेवटपर्यंत त्याच खांबामागे राहू शकते. उपाय साधा आहे: चौकात किंवा गोल सर्कलला शिरताना मान आणि छाती थोडी पुढे-मागे करा. शेजारी बसलेल्याला विचित्र दिसेल, दिसू द्या.

नजर भर्रकन डावी-उजवी फिरवली, की मधलं मेंदूपर्यंत पोचतच नाही. नजर दोन-तीन ठिकाणी क्षणभर टेकवा. उजवीकडे वळताना समोरून सायकल येत असेल, तर ती हळूच असेल असं धरू नका. सराव असलेला माणूस सपाटीवर ताशी ३० ने येतो.

पायरी ८: दार

उजवं दार डाव्या हाताने उघडा. दाराच्या लांबचा हात वापरला की खांदा वळतो, मानही वळते आणि मागचं दिसतं. नेदरलँड्समध्ये ही जुनी सवय आहे, ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही २०२२ मध्ये आली. डावीकडे बसलेल्याने उजवा हात वापरायचा.

आपल्याकडे खरा धोका डाव्या दाराचा आहे. सिग्नलला गाडी मधल्या लेनमध्ये उभी असते, मागे बसलेलं कुणी म्हणतं, "मी इथेच उतरते," आणि दार उघडतं, नेमकं त्या फटीत जिथून सायकली पुढे येत असतात. माझ्या गाडीत आता नियम आहे: गाडी कडेला लागल्याशिवाय आणि "उतरा" म्हटल्याशिवाय कुणी दाराला हात लावायचा नाही. आईसुद्धा नाही. मुलं मागे असतील तर चाइल्ड लॉक लावून ठेवा.

पायरी ९: रात्र आणि पाऊस

डिपरवर, म्हणजे हेडलाइटचा झोत खाली असताना, गडद कपड्यांतला माणूस साधारण तीस मीटरच्या आत आल्यावरच नीट कळतो. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० ला, लक्षात येऊन ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत ४५ मीटरच्या आसपास जातात. ४० ला सुमारे २६. म्हणजे दिवे नसलेल्या रस्त्यावर ६० ने जाताना, दिवा नसलेल्या सायकलसाठी तुम्ही थांबूच शकत नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात हे फार जाणवतं: समोरून ट्रॅक्टरचे दिवे डोळ्यांवर आणि त्यांच्या आडून येणारी सायकल. समोरून डोळे दिपले की वेग लगेच उतरवा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवा. समोर सायकल असेल तरीही अप्परचा डिपर करा. समोरून गाडी आली तरच डिपर द्यायचा असतो, असं का कोण जाणे आपण ठरवून टाकलंय.

पावसात सायकलचे रिमवरचे ब्रेक उशिरा धरतात, रंगवलेले पट्टे आणि लोखंडी झाकणं निसरडी होतात, आणि डबक्याखालचा खड्डा दिसत नाही. अंतर दुप्पट ठेवा. डबक्यातून जाताना शेजारी सायकल असेल, तर चालण्याच्या वेगावर या. चिखलाचं पाणी डोळ्यांत गेलं की माणसाला दोन-तीन सेकंद काहीही दिसत नाही.

पायरी १०: घाट

चढावर सायकल ताशी सहा-सात ने, झुलत जाते. वळणावर ओलांडू नका, एवढंच. उतारावर उलटं होतं: कात्रजच्या जुन्या घाटात किंवा सिंहगडावरून उतरणारी सायकल ४० च्या पुढे सहज जाते, आणि वळणावर तिला रस्त्याच्या मध्याची जागा लागते. ती तुमच्या इतक्याच वेगात असेल, तर तिला ओलांडायचं कारणच नाही. गियर खालचा ठेवा आणि मागे राहा.

इतकं करूनही धक्का लागला तर

गाडी बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, १०८ ला फोन करा. ११२ सुद्धा चालतो. रहदारीचा धोका नसेल तर पडलेल्याला हलवू नका, हेल्मेट काढू नका. जखमीला उपचार मिळवून देणं ही मोटार वाहन कायद्यानुसार चालकाची जबाबदारीच आहे. धक्का दुसऱ्याचा असेल आणि तुम्ही फक्त मदतीला थांबला असाल, तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १३४अ तुम्हाला संरक्षण देतं; नाव-पत्ता सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. तेव्हा थांबा.

"काही नाही झालं" म्हणून माणूस घाईघाईने उठतो आणि निघतो. घाबरलेला असतो, कामावर पोचायचं असतं. त्याला दहा मिनिटं बसवा, डोक्याला लागलंय का ते विचारा. सायकल उचलून दोन्ही चाकं फिरवून बघा, ब्रेक दाबून बघा. रिम वाकली असेल, तर त्याला त्यावर बसू देऊ नका. जवळच्या सायकल दुकानापर्यंत सोबत जा आणि पैसे तुम्ही द्या.

डिकीतली पिशवी

त्या सोमवारनंतर मी डिकीत एक पिशवी ठेवते. त्यात लाल-पांढऱ्या रिफ्लेक्टर टेपचा रोल, कात्री, जुनं फडकं आणि सेलवर चालणारे तीन-चार लहान लाल दिवे. सोसायटीच्या वॉचमनकाकांपासून सुरुवात केली. आधी विचारायचं, "काका, मागे टेप लावू का?" नाही म्हटलं, असं अजून कुणी भेटलेलं नाही. मडगार्ड फडक्याने पुसून घ्यायचं, नाहीतर धुळीवर टेप धरत नाही. मागच्या मडगार्डवर उभी पट्टी, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक. उरलेली पायडलच्या पुढच्या आणि मागच्या कडेला गुंडाळायची. गाडीच्या उजेडात वरखाली हलणारे दोन ठिपके दिसले, की चालत्या सायकलचे पाय आहेत हे लांबूनच कळतं. एका सायकलला दहा मिनिटं लागतात.